काजळीचा पुरावा

विदर्भात तंबाखूने धुराची वाट आता जवळजवळ सोडली आहे. यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस, कुठल्याही चौकातल्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून खर्रा घोटणारे हात दिसतात. चिलीम ओढणारं माणूस मात्र शोधावं लागतं. राज्याचं चित्रही असंच आहे. २०१६-१७ च्या ‘ग्लोबल ॲडल्ट टोबॅको सर्व्हे’त महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करणारे निघाले. एकूण प्रौढांत धूम्रपान करणारे होते फक्त ३.८ टक्के, खाणारे, चघळणारे, दातांना घासणारे २४.४ टक्के. व्यसन घरात राहिलं आणि त्याची जुनी अवजारं तेवढी घराबाहेर पडली. चिलीम उकिरड्यावर गेली, पितळी गुडगुडी मोडीच्या भावाने विकली गेली, कुणा आजोबांचा लाकडी पाइप माळ्यावरच्या ट्रंकेत पडून राहिला. या वस्तू सांभाळायच्या का, सांभाळायच्या तर किती दुरुस्त करायच्या आणि कुठे हात आवरायचा, या प्रश्नाचा हा आढावा आहे.

युरोप-अमेरिकेत जुने पाइप दुरुस्त करणं हा चांगला रुळलेला छंद आहे. लिलावात किंवा जुन्या बाजारात मिळालेला काळवंडलेला पाइप घरी आणायचा, आतली काजळी खरवडायची, दांडी घासून पुन्हा काळी कुळकुळीत करायची, मेण चढवायचं आणि बहुतेकदा पुन्हा ओढायला घ्यायचा. या मंडळींनी स्वतःच्या हातांनी, चुकतमाकत एक पक्की कारागिरी उभी केली आहे आणि तिच्यातून आपल्याला शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण ती जशीच्या तशी इकडे आणली तर आपल्या वस्तूंचं नुकसान होईल, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे कळण्यासाठी या मुलखात कोणकोणत्या वस्तू आल्या ते आधी पाहायला हवं.

तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आला आणि दख्खनमध्ये लवकर रुजला. अकबराच्या दरबारातला असद बेग विजापूरला गेला असताना त्याने तो पाहिला आणि १६०४-०५ च्या सुमारास सुंदर जडावाच्या नळीसकट बादशहापुढे ठेवला. हकिमाने हरकत घेतली, असद बेगने प्रतिवाद केला, बादशहाने थोडासा ओढून पाहिला. हा सगळा प्रसंग असद बेगनेच लिहून ठेवला आहे. नळीचं कौतुक आणि वैद्याचा विरोध एकाच नोंदीत सापडावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली, ती टिकली नाही.

वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं; त्याआधी तिथे निजामाचा अंमल होता, आणि पैनगंगेपलीकडचं नांदेड तर १९४८ पर्यंत निजामी राज्यातच राहिलं. त्यामुळे उमरखेड-पुसदच्या बाजूला हुक्क्याची चाल दक्षिणेकडची, बीदर-हैदराबादच्या वळणाची. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ च्या फेररचनेतून आला. तोवर हा भाग वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. त्याच सुमारास कापूस वाहून नेण्यासाठी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, पुढे ‘शकुंतला’ म्हणून जिव्हाळ्याची झालेली. तिच्यामागे किलिक निक्सन ही ब्रिटिश कंपनी होती. साहेबी पाइप शिरायला अशाच वाटा होत्या: रेल्वे, जिनिंग-प्रेसिंगच्या कचेऱ्या, जंगलखात्याचे बंगले. आणि या सगळ्यांच्या आधीपासून इथे जंगलाची स्वतःची रीत होती. पळसाच्या किंवा तेंदूच्या पानाची गुंडाळी करायची, त्यात तंबाखू भरायचा, ओढून झाला की टाकून द्यायचा. मध्य भारतातल्या आदिवासी भागांत बहुधा सगळ्यात जास्त ओढलं गेलेलं साधन हेच, आणि त्यातलं एकही उरलेलं नाही. व्हेरियर एल्विन यांनी १९५१ च्या ‘द ट्रायबल आर्ट ऑफ मिडल इंडिया’ या ग्रंथात तंबाखूच्या डब्यांची दखल घेतली ती वस्तू टिकणाऱ्या होत्या म्हणून. पानाच्या पाइपाच्या वाट्याला फार तर एखादं वर्णन येतं. संग्रहाला हा पहिला धडा आहे: जे टिकलं तेच सर्वसामान्य होतं असं धरून चालू नये.

टिकण्याच्या बाबतीत चिलीम मधोमध आहे. कुंभाराच्या चाकावरची, निमुळती, दोन्ही तोंडांना उघडी. आत एक खडा, म्हणजे जळता तंबाखू खाली उतरत नाही. ओढायच्या टोकाला ओल्या फडक्याची छापी. किंमत जवळजवळ काही नाही, फुटली की दुसरी. तरी वऱ्हाडात चिलमीला एक वेगळंच स्थान आहे, आणि ते शेगावच्या गजानन महाराजांमुळे. जानकीराम सोनाराने अक्षय्य तृतीयेच्या दिवशी चिलमीसाठी विस्तव द्यायला नकार दिला आणि महाराजांची चिलीम विस्तवाशिवाय पेटली, ही दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथातली कथा यवतमाळ जिल्ह्यातल्या घराघरांत पारायणातून पोचलेली आहे. शिर्डीलाही साईबाबांच्या वापरातल्या चिलमी संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. तिथे कुणी म्हणत नाही, की आतून घासून लख्ख करा. माणसाने वापरलेली वस्तू वापरल्यासारखीच दिसली पाहिजे, हे भाविकाला न शिकवता कळतं. छंदिष्टाला मात्र ते शिकावं लागतं.

आता पाश्चात्त्य कारागिरीकडे वळू. तिकडचा मुख्य पाइप ब्रायरचा. भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी, मातीलगत, लाकडाची घट्ट गाठ धरते. ती उष्णता सोसते आणि सहसा पेटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधल्या सेंट-क्लोद या गावाने याच गाठीवर आपलं नाव उभं केलं. वाटीत तंबाखू जळत राहिला की आतल्या भिंतीवर कोळशाचा थर चढतो. तो पातळ असेल तर लाकडाचं रक्षण करतो; फार जाड झाला तर तापून वाटीपेक्षा जास्त फुगतो आणि वाटीला तडा देतो. म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे हा थर घासून सारखा करणं. सगळा काढायचा नसतो, साधारण मिलिमीटरभर ठेवायचा असतो. त्यासाठी रीमर नावाचं गोल फिरणारं पातं मिळतं. चाकूने खरवडणारे लोक गोल वाटी लंबगोल करून ठेवतात, आणि ते नंतर कशानेही भरून येत नाही. पुढची पायरी वास घालवण्याची: वाटीत जाड मीठ किंवा कापूस भरून त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं. लाकडात मुरलेला चिकटा वर ओढला जातो, सकाळी कापूस तपकिरी झालेला असतो.

दांडी हा वेगळाच विषय. जुन्या पाइपांची दांडी बहुधा व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराची. फाउंटन पेनाच्या जगात यालाच एबोनाइट म्हणतात. जुन्या एबोनाइट पेनाचं टोपण हिरवट-तपकिरी पडलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हा रोग माहीत आहे. उजेड आणि दमट हवेने वरचा थर बिघडतो, गंधकाचा वास येतो, चव कडवट लागते. उपाय एकच: ओल्या पॉलिश पेपरने, जाड दाण्याकडून बारीक दाण्याकडे जात, तो थर घासून काढणं आणि शेवटी कार्नोबा मेणाने चमक देणं. ब्लीचमध्ये बुडवून झटपट काम उरकायचा मोह अनेकांना होतो. त्याने पृष्ठभाग खडबडीत होतो आणि नंतर दुप्पट घासावं लागतं. व्हल्कनाइटचा एक गुण मात्र मोठा गोड आहे. त्याला आपला मूळ आकार आठवतो. दातांनी पडलेला खळगा हलक्या आचेवर धरला तर बराचसा आपोआप वर येतो. जो येत नाही तो कोळशाची बारीक पूड मिसळलेल्या गोंदाने भरतात. वाटी आणि दांडी जोडणाऱ्या मानेला तडा गेला असेल तर धातूचं कडं बसवतात, आणि ही दुरुस्ती इतकी जुनी आहे की अनेक पाइपांवर ती शोभेचीच वाटते.

मीर्शमचे पांढरे पाइप तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या खनिजातून कोरलेले असतात. ते सच्छिद्र आणि मऊ असतात, मेण पिऊन वापरासरशी सोनेरी-तपकिरी होत जातात. त्यांना ना पाण्यात घालायचं, ना स्पिरिटमध्ये. त्यांचा रंग हीच त्यांची सारी कमाई, आणि साफसफाईच्या अतिउत्साहात ती एका दुपारीत धुऊन निघते.

ही सगळी कारागिरी ज्या वस्तूंवर घडली, त्यांच्या अंगावर त्यांचा जन्मदाखला असतो. डनहिलच्या पाइपावर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून पांढरा ठिपका आहे. डब्लिनच्या पीटरसनने १८९० च्या दशकात आपल्या पाइपरचनेची आणि दांडीच्या टोकाची पेटंटं घेतली, त्यामुळे तो आकार दिसला की काळाची खालची मर्यादा कळते. चांदीच्या कड्यावर बर्मिंगहॅमचा नांगर किंवा लंडनच्या बिबळ्याचं तोंड आणि शेजारी वर्षाचं अक्षर असतं. म्हणून तिकडचा जाणता दुरुस्तीवाला या शिक्क्यांवरून पॉलिश पेपर फिरवत नाही. शिक्का झिजवणं हाच तिथला मोठा गुन्हा. आतली काजळी त्याने काढली तरी वस्तूची ओळख शाबूत राहते.

चिलमीवर शिक्का नाही. कुंभाराने नाव घातलेलं नाही, सालही घातलेलं नाही. तिच्याजवळ पुरावा म्हणून फक्त तिची माती, तिचा आकार, ओठांच्या जागेचा डाग आणि आतली काजळी एवढंच असतं. त्यातली काजळी आपण लंडनच्या पाइपाच्या रीतीने घासून टाकली, तर उरतं ते केवळ भाजलेल्या मातीचं नळकांडं. पाइपासाठी जी साफसफाई आहे, ती चिलमीसाठी पुरावा नष्ट करणं ठरते.

काजळीत किती माहिती असते याची उदाहरणं बाहेर आहेत. दक्षिण आफ्रिकेतले शास्त्रज्ञ फ्रान्सिस थॅकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड परिसरात सापडलेल्या सतराव्या शतकातल्या मातीच्या पाइपांचे तुकडे तपासले. त्यांतल्या अवशेषांत तंबाखूखेरीज गांजाच्या खुणा असल्याचं त्यांनी मांडलं. चारशे वर्षांनंतर हे सांगता आलं, कारण कुणी ते पाइप स्वच्छ केले नव्हते. नळीच्या भोकाचीही अशीच कथा आहे. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं, की इंग्रजी मातीच्या पाइपांचं भोक सतराव्या शतकाच्या आरंभापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत क्रमाने बारीक होत गेलं, आणि नुसत्या तुटक्या नळ्यांच्या ढिगाची भोकं मोजून वस्तीचा काळ सांगता येतो. अडकलेलं भोक ड्रिलने मोकळं करणाऱ्या हाताला हे ठाऊक असायला हवं. आपल्या चिलमींचा असा तक्ता कुणी केला तर फार मोठं काम होईल, पण त्यासाठी न खरवडलेल्या चिलमी शिल्लक राहिल्या पाहिजेत.

मग चिलमीचं करायचं काय? मऊ, कोरड्या ब्रशने वरची धूळ काढावी. आतला सैल कचरा पडत असेल तर तो फेकून न देता काचेच्या कुपीत भरून चिठ्ठी लावावी. फुटलेले तुकडे जोडायला संग्रहालयांत वापरतात तसला, ॲसिटोनने पुन्हा सोडवता येईल असा चिकटपदार्थ घ्यावा. कायमचं धरून बसणारं इपॉक्सी नको. पूर्वी युरोपातल्या खानावळींत काळ्या पडलेल्या मातीच्या नळ्या लोखंडी जाळीत ठेवून भट्टीत पुन्हा भाजून पांढऱ्या करत. रोजच्या वापराच्या वस्तूसाठी ते शहाणपणाचं होतं, जुन्या चिलमीसाठी ते दोन्ही अर्थांनी घातक आहे: तडा जातो आणि नोंद जळते. भर घालावी लागलीच तर इटालियन संवर्धनतज्ज्ञ चेझारे ब्रांदी यांचा दंडक मला पटतो: दुरून डोळ्यांत खुपू नये, जवळून मात्र नवं कोणतं आणि जुनं कोणतं ते ओळखू यावं.

धातूच्या वस्तूंमध्ये घरोघरचा उत्साह सर्वाधिक घात करतो. पितळी गुडगुडी दिसली की हात चिंचेकडे किंवा पितांबरीकडे जातो. रोजच्या तांब्याला ते ठीक. पण नक्षीच्या जुन्या पितळेवर आंबट पदार्थ राहू दिला तर वरच्या थरातलं जस्त आधी विरघळतं आणि तांबूस ठिपके पडतात. शिवाय दर घासणीला नक्षीची धार थोडी थोडी जाते. डाख सुटला असेल तर तो लावून घ्यावा, तेही शक्य तितक्या कमी आचेवर आणि जुन्या जोडावरच. कल्हईवाला अजून फिरत असेल तर त्याला घरच्या भांड्यांना जरूर बोलवा. संग्रहातल्या हुक्क्याला आतून नवी कल्हई देण्याचं काहीच कारण नाही.

बिद्रीच्या बाबतीत तर हे शतपट खरं. बीदरची ही कला मराठवाड्याच्या अगदी उंबरठ्यावरची. बिद्रीच्या काळ्या हुक्क्याचा मूळ धातू म्हणजे बहुतांश जस्त, थोडं तांबं. त्यावर कोरून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर पाण्यात उकळून तिचा लेप देतात. या लेपाने जस्त काळं पडतं, चांदी पांढरीच राहते. बिद्रीचा अख्खा जीव या काळ्या-पांढऱ्याच्या भेदात आहे. तो काळा थर अतिशय पातळ असतो. धातूच्या पॉलिशने एकदा जोरात घासलं की राखाडी पडतो, आणि तो पुन्हा आणायला बीदरच्याच कारागिराकडे जावं लागतं. घरी करायचं ते इतकंच: मऊ कापड, आणि काळा भाग फिका वाटला तर खोबरेल तेलाचा हलका हात. या कलेला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बिद्रीचं दालन आहे; दुरुस्तीला हात घालण्याआधी मूळ काळा रंग कसा दिसतो ते तिथे जाऊन डोळ्यांत साठवावं, असं मी प्रत्येकाला सांगेन.

नारळाच्या करवंटीची गुडगुडी आणि लाकडी नळ्या यांचा शत्रू आपलं हवामान. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, लाकूड आकसतं, जोड ढिले होतात, लाख भंगते. जुलैत त्याच वस्तूवर बुरशी धरते. यवतमाळात तरी पत्र्याखालच्या माळ्यापेक्षा आतल्या खोलीतलं लाकडी कपाट हजार पटीने बरं.

मराठी माणसाने अशा वस्तू प्रेमाने गोळा केल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने १९६२ मध्ये संग्रहालय उभं राहिलं, आणि १९७५ मध्ये हा सगळा ठेवा त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. त्यातले अडकित्ते, पानाचे डबे, हुक्के पाहिले की कळतं, की रोजच्या व्यसनाच्या साधनावरही कारागिराने किती जीव ओतला होता. केळकर वाड्यावाड्यांतून हिंडले. विदर्भातल्या, विशेषतः गोंड आणि कोलाम वस्त्यांमधल्या साध्या वस्तूंसाठी असं हिंडणं अजून व्हायचं आहे. पैठणीच्या पदराइतका त्यांचा तोरा नाही, म्हणून त्या आधी नाहीशा होतात.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना लागू होतो. अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. नळीला हस्तिदंती मुखनळी असेल तर वन्यजीव कायदा आड येतो; हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे. चिलमीत गांजाचे अवशेष असण्याची शक्यता धरून १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचंही भान ठेवावं. जुन्या वस्तूची कुपी आणि चालू व्यसनाची पुडी यांतला फरक लेखी नोंदीनेच स्पष्ट राहतो.

आणि शेवटचा, खरं तर पहिला प्रश्न: दुरुस्त केलेला पाइप किंवा चिलीम पुन्हा पेटवायची का? बाहेरचे छंदिष्ट पेटवतात. माझं उत्तर नकाराचं आहे, ठाम नकाराचं. ज्या विदर्भात खर्र्याने तोंडं उघडेनाशी झाली आहेत, ज्या राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर आणि २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी आणली, तिथे छंदाच्या नावाने नवी सवय लावून घेणं मला मान्य नाही. जुन्या वस्तूतला चिकटाही निरुपद्रवी नसतो. निकोटिन कातडीतून आत जातं. तंबाखूच्या ओल्या पानांची तोडणी करणाऱ्या मजुरांना त्यानेच मळमळ आणि चक्कर येते. म्हणून काम करताना हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, अल्कोहोलच्या जवळपास आग नसावी आणि पोरांना लांब ठेवावं.

पेटवायचं नाही हे एकदा ठरलं की दुरुस्ती सोपी होते. भोक मोकळं करायची गरज नाही, वास घालवायची गरज नाही, दातांचे खळगे भरायची गरज नाही. ज्याच्या दातांचे ते आहेत त्याचं नाव लिहून ठेवायची गरज मात्र आहे. वस्तू कोणत्या गावची, कुणी वापरली, आत काय भरत, छापीला कोणतं कापड लावत, खडा नदीचा की कुंभाराने भाजलेला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारावं लागेल. त्याहून घाई कुंभारवाड्याची आहे. चाकावर चिलीम ओढून काढणारे हात जिथे अजून आहेत तिथे जाऊन माती कुठली, भिंत किती जाड, भट्टीत किती वेळ, तोंड कशाने गुळगुळीत करतात, हे मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन नोंदवावं, आणि कोरी, कधीही न पेटलेली एक चिलीम विकत घेऊन जुनीच्या शेजारी ठेवावी.